आशाताईंवरचं ते इंग्रजी गाणं: मूळ कुठलं, रिमिक्स कुठलं

दर वर्षी ८ सप्टेंबरला, आशा भोसले यांच्या वाढदिवशी, कुणीतरी एक लिंक पाठवतंच. सोबतचा मजकूर ठरलेला: आपल्या आशाताईंवर गोऱ्यांनी गाणं केलं आणि ते इंग्लंडात नंबर एकला गेलं. या एका वाक्यात खरं आणि खोटं इतकं मिसळलंय की वेगळं करायला बसावं लागतं. गाणं आशाताईंवर आहे, बऱ्याच अंशी. नंबर एकला गेलं, तेही खरं. पण ते गोऱ्यांनी केलेलं नाही. लिहिलं आणि गायलं तजिंदर सिंगने, वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये पंजाबी शीख घरात जन्मलेल्या माणसाने. आणि नंबर एकला जे पोचलं ते त्याने आधी केलेलं गाणं नव्हतंच.

गाण्याचं नाव ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. बँड कॉर्नरशॉप. या एकाच नावाची दोन रेकॉर्डिंग्ज जगात फिरतात. एक बँडचं स्वतःचं, ऑगस्ट १९९७मध्ये सिंगल म्हणून आलेलं आणि सप्टेंबरमधल्या ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ या अल्बमवरचं. दुसरं नॉर्मन कुकने, म्हणजे फॅटबॉय स्लिमने केलेलं रिमिक्स, फेब्रुवारी १९९८मध्ये बाजारात आलेलं. शब्द तेच, गळा तोच, गिटारची सुरावटही तीच. त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. मीसुद्धा कितीतरी वर्षं रिमिक्सलाच मूळ गाणं समजत होतो, आणि मूळ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी संथ लयीत केलेलं कव्हर आहे असं वाटलं होतं.

तुमच्याकडे कुठलं आहे ते ओळखायचं असेल तर आधी लांबी बघा. अल्बमवरचं मूळ गाणं सव्वापाच मिनिटांचं आहे. रेडिओवर वाजायचं ते रिमिक्स साधारण चार मिनिटांचं. मग आवाज ऐका. लहानपणी घरात रेकॉर्ड प्लेअर असेल तर तेहतीसची तबकडी पंचेचाळीसवर लावून हसण्याचा उद्योग तुम्ही केलाच असेल. रिमिक्समधला तजिंदर त्या जातीचा आहे, अर्थात इतका टोकाचा नाही. वेग वाढवल्यामुळे गळाही वर चढलाय, जरा कोवळा आणि खट्याळ झालाय. मूळ गाण्यात तोच माणूस दुपारी जेवून आरामखुर्चीत रेलल्यासारखा गातो. गिटारचे तेच ते ठोके, मागे व्हायोलिनची हलकी सोबत, कुठे पोचायची घाई नाही.

आता ढोल. खरं तर सगळा फरक तिथेच आहे. मूळ गाण्यातला ताल गाण्याला टेकू देतो. कुकच्या रिमिक्समध्ये ताल हाच मालक, गाणं त्याच्याकडे भाड्याने राहतं. जाड, फुटणारे ड्रम्स, एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणं, मधेच सगळं थांबवून परत धाडकन सुरू करणं. हे बिग बीट या नाचाच्या संगीताचं व्याकरण, त्या काळात ब्रायटनच्या क्लबांत घडत होतं आणि कुक त्यातला उस्ताद. त्याच्या मागे तोवर मोठा प्रवास होता: ऐंशीच्या दशकात हल शहरातल्या हाउसमार्टिन्स या गिटार बँडमध्ये तो बेस वाजवायचा. म्हणजे इंडी गाण्याची, छोट्या स्वतंत्र कंपन्यांकडून येणाऱ्या गिटार-गाण्याची, हाडं कुठे असतात हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच त्याने गिटार फेकून दिली नाही, तिलाच नाचायला लावलं. मला हे रिमिक्स आवडतं, उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. मात्र ते दुसरंच गाणं आहे.

मूळ गाणं कशाबद्दल आहे? आशाताईंच्या गायकीचं ते रसग्रहण नव्हे. ते एका वस्तूबद्दल आहे, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या सात इंची तबकडीबद्दल. पडद्यामागून गाणारी आशा इथे ‘साडी राणी’ आहे, पंजाबीत ‘आमची राणी’. पडद्यावर ओठ हलवणारी नटी वेगळी, स्वप्न जिवंत ठेवणारी ही. परदेशात वाढलेल्या मुलाच्या घरात ती तबकडी म्हणजे डोकं टेकवायची कूस. ज्या ओळीवर इंग्लंडच्या पबमध्ये लोक चावटपणे हसत, त्या ओळीचा मतलब एवढाच: प्रत्येकाला उशीला एक छाती, म्हणजे ऊब, लागते, माझी पंचेचाळीसवर आहे. नावातही श्लेष आहे, आशेने काठोकाठ भरलेलं. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. इंग्रज श्रोत्याला मात्र बहुधा पत्ताच नव्हता.

पुढे गाण्यात नावांची यादी येते: लता मंगेशकर, मोहम्मद रफी, ऑल इंडिया रेडिओ, टू-इन-वन, जमैकाचं संगीत ब्रिटनमध्ये आणणारी ट्रोजन रेकॉर्ड्स, फ्रान्सचा गायक जाक द्युत्राँ, सत्तरच्या दशकातला ब्रिटिश रॉक गायक मार्क बोलन याचं बूगी. एका मुलाच्या कपाटातल्या तबकड्याच जणू. आशा आणि बोलन शेजारी शेजारी, कुणी वरचं नाही, कुणी खालचं नाही. मधेच सरकार, त्याचे इशारे, साधेपणाचे उपदेश आणि बांधली जाणारी धरणं यांचाही उल्लेख येतो. नव्वदच्या दशकात नर्मदेच्या बातम्या रोज वाचलेल्या आपल्याला तिथे कान टवकारावेसे वाटतात. मूळ गाण्याच्या लयीत ही नावं एकेक करून कानात उतरतात. रिमिक्समध्ये ती धावत्या लोकलमधून दिसणाऱ्या स्टेशनांच्या पाट्यांसारखी निघून जातात.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढू. दोन्हींपैकी एकाही रेकॉर्डिंगमध्ये आशाताईंचा आवाज नाही. लोक शपथेवर सांगतात की त्यांनी तो ऐकलाय. आशाताई या गाण्याचा विषय आहेत, गायिका नाहीत. गंमत म्हणजे त्याच सुमारास त्या स्वतः आर. डी. बर्मनची गाणी नव्या ठेक्यावर पुन्हा गात होत्या, ‘राहुल अँड आय’ नावाच्या अल्बमवर. म्हणजे रिमिक्सला त्यांची ना नव्हती.

आता नंबर एकचं. मूळ सिंगल ब्रिटिश चार्टवर साठाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि तिथून परतलं. रिमिक्स फेब्रुवारी १९९८च्या अखेरीस थेट पहिल्या स्थानावर पोचलं, ‘टायटॅनिक’मधल्या सेलीन डिऑनच्या गाण्याला खाली ढकलून. मुक्काम एका आठवड्याचा, पुढच्या आठवड्यात मॅडोना आली. पण मूळ गाणंही एका यादीत पहिलं होतं, आणि ही गोष्ट लिंक पाठवणारे कधी सांगत नाहीत. बीबीसी रेडिओ वनवर निवेदक जॉन पील दरवर्षी श्रोत्यांच्या मतांवरून वर्षातली गाणी वाजवायचे. १९९७च्या त्या ‘फेस्टिव्ह फिफ्टी’त श्रोत्यांनी पहिलं ठरवलं ते हेच संथ ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. रिमिक्सने बाजार जिंकायच्या दोन महिने आधी. दोन याद्या, दोन वेगळे श्रोते, आणि वर दिसतं एकच नाव.

या गोंधळाची किंमत मात्र बँडने मोजली. रिमिक्स ऐकून अल्बम घेणाऱ्याच्या हाती भलताच ऐवज पडायचा. त्यात अमेरिकन कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग स्वतःची कविता म्हणतो. अमेरिकन गायिका पॉला फ्रेझरबरोबर एक कंट्री द्वंद्वगीत आहे. हिप-हॉपचे तुकडे आहेत, ढोलकी आहे, आणि शेवटी बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ चक्क पंजाबीत. १९६५ साली जॉर्ज हॅरिसनने त्या गाण्यात सतार वाजवली आणि पाश्चात्त्य पॉपला भारतीय रंग देण्याची फॅशन सुरू झाली. तीस वर्षांनी तजिंदरने ते गाणं त्या सतारीच्या अंगणात परत आणून सोडलं, कसलाही गाजावाजा न करता. टीका करायची तर अशी करावी. अमेरिकेतल्या ‘स्पिन’ मासिकाने त्या अल्बमला वर्षातला सर्वोत्तम ठरवलं. तरी सामान्य श्रोत्याच्या लेखी कॉर्नरशॉप म्हणजे ते नाचायचं गाणं, एका गाण्याचे धनी.

हे लेबल किती चुकीचं आहे ते बघायचं तर थोडं मागे जायला हवं. तजिंदर आणि बेन एअर्स भेटले प्रेस्टनच्या पॉलिटेक्निकमध्ये. १९९१च्या सुमारास बँड उभा राहिला, बेसवर तजिंदरचा भाऊ अवतार, ड्रम्सवर डेव्हिड चेंबर्स. नाव घेतलं ‘कॉर्नरशॉप’, म्हणजे नाक्यावरचं दुकान. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई म्हटला की तो नाक्यावर दुकान चालवणारच, हा तिथला ठोकळा. तोच त्यांनी पाटीवर लिहून दारात टांगला. १९९२मध्ये द स्मिथ्स बँडचा माजी गायक मॉरिसी याने लंडनमधल्या फिन्सबरी पार्कच्या मैफलीत युनियन जॅक खांद्यावर घेतला, त्याच्या काही गाण्यांतल्या आशियाई माणसांच्या चित्रणावरून आधीच कुरबुर होती. इंडी जगाचा तो देव. कॉर्नरशॉपने त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या, ईएमआयच्या, लंडनमधल्या कचेरीबाहेर त्याचं पोस्टर जाळलं. त्या वेळी त्यांचं स्वतःचं म्हणण्यासारखं एकही रेकॉर्ड नव्हतं.

पहिली ईपी, म्हणजे चार-पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड, १९९३ची, ‘इन द डेज ऑफ फोर्ड कॉर्टिना’, करीच्या रंगाच्या तबकडीवर छापलेली. खोडी स्पष्ट आहे. आवाज मात्र कच्चा, कर्कश, वाद्यं अर्धीमुर्धी शिकलेली. ‘होल्ड ऑन इट हर्ट्स’ (१९९४) हा पहिला अल्बमही तसाच खरखरीत. ‘ब्रिमफुल’ आवडणाऱ्याने थेट इथे उडी मारली तर तोंड पोळेल. पण टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडच्या डेव्हिड बर्नला तो भावला आणि त्याने त्यांना आपल्या लुआका बॉप या लेबलवर घेतलं.

माझ्या मते कॉर्नरशॉपचा खरा जन्म १९९५च्या ‘वुमन्स गॉट्टा हॅव इट’मध्ये आहे. अल्बम उघडतो ‘सिक्स एएम जलंधर शेरे’ने आणि संपतो त्याच गाण्याच्या दुसऱ्या रूपाने, ज्याच्या नावात वेळ आहे सात वीस. ऐंशी मिनिटांनी तेच शहर पुन्हा. शब्द पंजाबी, एकच स्वर धरून ठेवणारा तंबोरा, त्यावर गिटार घोटत राहते. आपल्याकडे भजनी मंडळात एखादी ओळ तासभर फिरत राहते आणि हळूहळू ऐकणाऱ्यांची मान डोलायला लागते, तसं काहीसं. ‘ब्रिमफुल’चा तो न थकणारा, पुढे न जाणारा गिटारचा ठोका इथूनच आलाय. रिमिक्सने नेमकी हीच स्थिरता मोडली.

नंबर एकनंतर कोणताही शहाणा बँड तसंच दुसरं गाणं काढेल. यांनी १९९९मध्ये क्लिंटन या वेगळ्या नावाने डिस्कोचा एक अल्बम काढला. कॉर्नरशॉप या नावाने पुढचा अल्बम यायला २००२ उजाडलं: ‘हँडक्रीम फॉर अ जनरेशन’, ज्याच्या सुरुवातीला अमेरिकन सोल गायक ओटिस क्ले आणि चौदा मिनिटांच्या एका रागासारख्या पसरलेल्या तुकड्यात ओअ‍ॅसिस या ब्रिटिश बँडचा नोएल गॅलॅघर गिटारवर. मग थेट २००९, आता स्वतःचं लेबल अ‍ॅम्पल प्ले. २०१५मध्ये तर त्यांनी आपला तो पहिला खरखरीत अल्बम बिग बँडकडून हॉटेलच्या लाउंजमध्ये वाजावा तसा गुळगुळीत वाजवून घेतला. दुसऱ्याने केलेल्या रिमिक्सने नाव मिळवलेल्यांनी स्वतःचंच असं रूपांतर करावं, याला विनोदबुद्धी लागते. मार्च २०२०मधला ‘इंग्लंड इज अ गार्डन’ बासरी, बोलनछाप गिटार आणि मोकळ्या कोरसांनी भरलेला, ऐकायला उन्हासारखा. गाण्यांच्या नावांत मात्र वंशवादी शिवीही जशीच्या तशी बसलेली आहे.

वेगवान रूपाने मूळ झाकलं जाण्याची ही त्या काळातली एकच घटना नव्हती. वुल्व्हरहॅम्प्टनकडच्याच जस मानच्या बॅबिलोन झूचं ‘स्पेसमॅन’ १९९६मध्ये जाहिरातीतल्या पळत्या तुकड्यामुळे नंबर एक झालं. रेकॉर्ड घरी आणल्यावर लोकांना कळलं की ते एरवी रेंगाळणारं गाणं आहे. फरक इतकाच, मानकडे त्यानंतर फार काही उरलं नाही, तजिंदरकडे कपाट भरून होतं.

तर पुढच्या ८ सप्टेंबरला लिंक पाठवायचीच असेल तर सव्वापाच मिनिटांची पाठवा. आणि कॉर्नरशॉपच्या ठेक्यावर खरोखरचा देशी बाईचा आवाज ऐकायचा असेल तर तोही आहे, फक्त ‘ब्रिमफुल’मध्ये नाही. २०११चा ‘कॉर्नरशॉप अँड द डबल ओ ग्रूव्ह ऑफ’ लावा. त्यात बबली कौर अख्खा अल्बम पंजाबीत गाते, आणि तजिंदर पडद्यामागे बसून फक्त वाजवतो.