चेहऱ्यावरचे खड्डे आणि बारामतीत जन्मलेल्या माणसाचा लेसर

पुण्यात त्वचारोगतज्ज्ञांच्या पाट्यांवर हल्ली ‘सीओटू लेसर’ हे शब्द सर्रास दिसतात. तो लेसर शोधणारे कुमार पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले. १९५८ साली ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले आणि १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेसर तयार केला. मुरुमांचे खड्डे तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतेच. पण या लेसरची १०,६०० नॅनोमीटरची लहर पाणी झटकन शोषून घेतं, आणि आपली त्वचा पाण्यानं भरलेली असते. त्यामुळे वरचा थर अगदी मोजून उडवता येतो.

आपल्या आजीच्या पिढीत चेहऱ्यावर व्रण म्हटले की ते देवीचे. १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला आणि तरुण चेहऱ्यांवर मुख्यतः मुरुमांचे खड्डे उरले. खड्डा म्हणजे त्वचेची अर्धवट राहिलेली डागडुजी. सूज खोलवर गेली की तिथलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, मोडतं, नवं पुरेसं बनत नाही आणि पृष्ठभाग खचतो. एक गोष्ट मला कळकळीनं सांगावीशी वाटते. आपण सगळ्यालाच ‘डाग’ म्हणतो आणि तिथूनच खर्चाची चूक सुरू होते. आरशासमोर उजेड बाजूनं घ्या. सावली पडली तर तो खड्डा, नाही तर नुसता डाग. डाग बहुधा काही महिन्यांत फिका होतो, मलमं आणि सनस्क्रीन त्याला मदत करतात. खोल खड्डा मात्र मलमानं भरत नाही.

खड्डा भरायचा तर त्वचेला पुन्हा थोडी जखम करून ती नीट भरू द्यायची, ही कल्पना जुनी आहे. हँबुर्गच्या पाउल उन्ना यांनी १८८२ मध्ये सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल, ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल यांचे त्वचेवरचे परिणाम नोंदवले. आजच्या ‘पील’ची, म्हणजे रसायन लावून त्वचेचा वरचा थर सोलण्याची, मुळं तिथे आहेत. १९०५ मध्ये जर्मनीतच अर्न्स्ट क्रोमायर यांनी फिरत्या यंत्रानं त्वचा घासायला सुरुवात केली. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲबनर कर्टिन यांनी त्वचा गोठवून ती तारेच्या ब्रशनं घासली. याचं नाव डर्माब्रेजन. रक्त यायचं, कितीतरी दिवस घरात बसावं लागायचं. गोऱ्या त्वचेवर याचे निकाल चांगले दिसत. आपल्या सावळ्या त्वचेवर मात्र खड्डा भरता भरता काळपटपणा उमटायचा. नव्वदच्या दशकात पूर्ण चेहऱ्यावर सीओटू लेसर फिरवू लागले, तेव्हाही अडचण हीच होती.

म्हणून २००४ हे साल मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बॉस्टनमध्ये डीटर मानस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांच्या गटानं सगळी त्वचा न भाजता तिच्यात उष्णतेचे सूक्ष्म खांब रोवले आणि मधली त्वचा शाबूत ठेवली. हेच फ्रॅक्शनल तंत्र. मधल्या धडधाकट पेशी जखम लवकर भरून काढतात. सुरुवातीचं यंत्र वेगळ्या लेसरचं होतं. नंतर हीच युक्ती सीओटूला लावली गेली. काळपटपणाचा धोका संपला नाही, पण कमी झाला. बारामतीत जन्मलेल्या माणसाचा लेसर पुण्यातल्या सावळ्या चेहऱ्यांच्या खऱ्या अर्थानं उपयोगी पडला तो या फेरफारानंतर.

तरीही लेसर सगळ्या खड्ड्यांना लागू पडत नाही. गादीला टाके घातल्यावर जसा खळगा पडतो, तसे काही खड्डे खालून तंतूंनी ओढलेले असतात. त्यांच्यासाठी सबसिजन : सुई आत घालून ते तंतूच तोडायचे. ऑरेनट्राइक पिता-पुत्रांनी हे तंत्र १९९५ मध्ये मांडलं. टाचणीनं टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांसाठी २००२ मध्ये कोरियन डॉक्टरांनी तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल टोकदार काडीनं नेमकं खड्ड्यात दाबण्याची पद्धत सांगितली. ती ‘क्रॉस’ नावानं ओळखली जाते. ही दोन्ही तंत्रं झगमगीत नाहीत, पण योग्य खड्ड्याला योग्य तंत्र मिळालं की महागड्या यंत्रापेक्षा जास्त फरक दिसू शकतो. एकाच चेहऱ्यावर सहसा वेगवेगळ्या प्रकारचे खड्डे असतात, त्यामुळे उपचारही मिश्र लागतात. सुयांनी टोचण्याचं मायक्रोनीडलिंग त्यात भर घालतं, आणि सावळ्या त्वचेला ते बरंच सोसतं.

मुरूम चालू असताना खड्ड्यांमागे लागू नये, कारण नवे पडतच राहतात. १९८२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं आयसोट्रेटिनॉइन तीव्र मुरुमांवर फार प्रभावी आहे. गर्भवतींना मात्र ते पूर्ण वर्ज्य, कारण बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. हे औषध घेतल्यावर सहा महिने कसलीच प्रक्रिया करू नये, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. २०१७ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी सगळे पुरावे तपासले. वरवरचे पील आणि फ्रॅक्शनल लेसर यांसाठी इतकं थांबण्याला आधार सापडला नाही. यंत्रानं घासणं आणि पूर्ण थर काढणारा लेसर मात्र टाळावाच, असं ते म्हणाले.

दुचाकीवर निघालेल्या पुणेरी मुली चेहऱ्याला गुंडाळतात तो स्कार्फ लेसरनंतर खरोखर कामाचा आहे, कारण ऊन लागलं की काळपटपणा वाढतो. आणि नवं कोलॅजन तयार व्हायला महिने लागतात. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरलेला असेल तर आषाढातच डॉक्टरांकडे जावं. दोन बैठकांमध्ये साधारण महिन्याचं अंतर ठेवावं लागतं. आषाढात आभाळही भरलेलं असतं; सनस्क्रीन मात्र तरीही लावायचंच.