ज्योत नसलेली भट्टी

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. वीज घरातच तयार केली तर या उष्णतेवर अंघोळीचं पाणी तापवता येईल. पण यंत्र लहान केलं की त्याची कार्यक्षमता घसरते. एक किलोवॉटचं गॅस इंजिन इंधनातल्या जेमतेम पाव हिश्शाची वीज करतं. सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल, म्हणजे इंधन न पेटवता त्यातून थेट वीज काढणारं यंत्र, मात्र तेवढ्याच आकारात निम्म्याहून अधिक वीज काढून देतो.

त्याचा गाभा म्हणजे सिरॅमिकचा पातळ थर. झिर्कोनियात (झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडमध्ये) थोडं इट्रिया (इट्रियम धातूचं ऑक्साइड) मिसळलं की स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, या जागांतून उड्या मारत पलीकडे जातात. थंड असताना ते जागचे हलत नाहीत, त्यासाठी साधारण ७०० अंश सेल्सियस तापमान लागतं. वाल्टर नेर्न्स्ट यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस याच मिश्रणाचा दिवा बनवला होता. तोही आधी तापवल्याशिवाय पेटत नसे.

थराच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला इंधन. हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन थरातून पार होतो, पलीकडे निकेलच्या पृष्ठभागावर इंधनातल्या हायड्रोजनशी संयोग पावून त्याचं पाणी होतं आणि सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून परततात. हीच आपली वीज. म्हणजे जे ज्वलनात घडतं तेच इथे घडतं, फक्त ज्योत नसते. एका सेलमधून एक व्होल्टही मिळत नाही, म्हणून अनेक सेल एकमेकांना जोडून त्यांची चवड रचतात.

एवढ्या तापमानाचा एक मोठा फायदा आहे. कमी तापमानाच्या फ्युएल सेलना विषासारखा बाधणारा कार्बन मोनॉक्साइड इथे चक्क इंधन म्हणून वापरला जातो, त्यामुळे नळातून येणारा नैसर्गिक वायू थोड्याशा प्रक्रियेनंतर चालतो. गंधक मात्र चालत नाही. गळती कळावी म्हणून कंपन्या गॅसमध्ये मुद्दाम गंधकयुक्त वास मिसळतात आणि हे यंत्र तो आधी गाळून काढतं!

घरगुती वापरात जपान सर्वांत पुढे आहे. तिथे ‘एने-फार्म’ ही घरगुती फ्युएल सेल यंत्रं २००९मध्ये बाजारात आली आणि त्यांचा सॉलिड ऑक्साइड प्रकार २०११पासून मिळू लागला. ७०० वॉटच्या या यंत्राची वीज-कार्यक्षमता आता ५५ टक्क्यांच्या घरात गेली आहे. उरलेल्यातली साधारण ४०० वॉट उष्णता पाण्याला मिळते. ९० लिटर पाणी ५० अंशांनी तापवायला सव्वापाच युनिट ऊर्जा लागते, म्हणजे यंत्र १३ तास पूर्ण क्षमतेने चालायला हवं. थोडक्यात, अंघोळीची सोय होते, पण कडाक्याच्या थंडीत अख्खं घर उबदार ठेवणं याच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी जोडीला गॅस हीटर असतोच. जसजशी वीज-कार्यक्षमता वाढते तसतशी उष्णता आणखी घटते, हे जाहिरातीत सहसा सांगत नाहीत.

खरं दुखणं आहे ते बंद-चालू करण्याचं. तापताना आणि निवताना सिरॅमिक, धातू आणि काचेचं सील प्रत्येकी वेगवेगळं प्रसरण पावतात, त्यामुळे तडे जाण्याचा धोका असतो. गरम असताना गॅस तुटला आणि निकेलपाशी हवा शिरली तर आणखी पंचाईत: निकेलचं ऑक्साइड होताना त्याचं आकारमान सुमारे ७० टक्क्यांनी वाढतं आणि वरचा नाजूक थर फुटू शकतो. म्हणून ही यंत्रं शक्यतो बंद करत नाहीत. रात्री सगळे झोपल्यावर नुसता फ्रिज चालू असला, तरी ती मंद क्षमतेवर धुगधुगत राहतात.

नैसर्गिक वायूतून कार्बन डायऑक्साइड निघतोच. ५५ टक्के कार्यक्षमता धरली तर युनिटमागे साधारण ३७० ग्रॅम. कोळशाच्या विजेसाठी हा आकडा ९०० ग्रॅमच्या आसपास असतो. त्यामुळे ग्रिडची वीज कोळशाची असेल तर हे यंत्र घेण्यात निश्चित अर्थ आहे, पण ती बव्हंशी ऊन-वाऱ्यावर तयार होत असेल, तर घरात गॅसवर वीज करण्याने उत्सर्जन उलट वाढेल.