क्रूझचं बुकिंग करण्याआधी: जहाजाच्या वेळेबद्दलचे आणि इतर काही गैरसमज

आमच्याकडे क्रूझची चौकशी करणारे बहुतेक जण याआधी परदेशी फिरून आलेले असतात. विमान, हॉटेल, व्हिसा, इन्शुरन्स हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळे क्रूझ म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. पण काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि एक घोटाळा पुन्हा पुन्हा होतो, म्हणून हे पत्रक. पैसे भरण्याआधी वाचा आणि बरोबर येणाऱ्या सगळ्यांना वाचायला द्या. बुकिंग घरातलं एकच माणूस करतं, पण धक्क्यावर वेळेत सगळ्यांनाच पोहोचायचं असतं.

पाचला सुटणारं जहाज

"जहाज पाचला सुटतंय, आमचं विमान दोनला उतरतंय, म्हणजे तीन तास हातात आहेत." हा हिशेब आम्हाला जवळजवळ प्रत्येक सुट्टीच्या हंगामात ऐकायला मिळतो, आणि तो चुकीचा आहे. पाच वाजता जहाजाचे दोर सुटतात. चेक-इनचं काउंटर त्याच्या तासभर आधी बंद होतं, काही कंपन्यांकडे दीड तास आधी. प्रवाशांची अंतिम यादी जहाज निघण्यापूर्वी अधिकाऱ्यांच्या हाती पडावी लागते. अमेरिकेच्या बंदरातून निघणाऱ्या जहाजासाठी हा नियम किमान 60 मिनिटांचा आहे. यादी गेल्यावर काउंटरवरच्या माणसाच्या मनात असलं तरी तो तुम्हाला आत घेऊ शकत नाही. म्हणजे पाचचं जहाज तुमच्या दृष्टीने साडेतीन-चारलाच सुटलेलं असतं.

आता विमानाचं बघू. दोनला उतरलेल्या विमानातून बाहेर पडणं, इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरचं सामान, यात सहज दीड तास जातो, आणि तोही विमान वेळेवर असेल तर.

त्यातून जाहिरातीत ज्या शहराचं नाव असतं, त्या शहरात जहाज असेलच असं नाही. 'रोम'ची क्रूझ चिवितावेक्कियाहून निघते. हे बंदर रोमपासून सुमारे 70 किलोमीटरवर आहे. 'लंडन'ची बरीच जहाजं साउथॅम्प्टनहून सुटतात, तिथे जायला लंडनहून दोन तास धरावेत. 'पॅरिस' म्हणून दाखवलेलं ल हाव्र बंदर पॅरिसपासून जवळपास 200 किलोमीटर, आणि 'बर्लिन'चं वार्नेम्युंडे त्याहूनही लांब. व्हेनिसच्या ऐतिहासिक भागासमोरून मोठी जहाजं नेण्यावर 2021च्या ऑगस्टपासून बंदी आहे. त्यामुळे व्हेनिसच्या नावाने विकलेली क्रूझ प्रत्यक्षात त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाहूनही निघू शकते. शहराचं नाव वाचून हॉटेल आणि विमान आधीच काढून टाकलेले ग्राहक आमच्याकडे येतात, तेव्हा ते सगळं उलगडून पुन्हा बसवण्यात आमचा आणि त्यांचा, दोघांचाही वेळ जातो. विमान काढण्याआधी बंदराचं नेमकं नाव आमच्याकडून लेखी घ्या. एवढी एक गोष्ट पाळलीत तर अर्धी डोकेदुखी वाचेल.

"थोडा वेळ थांबणार नाहीत का? आम्ही चौघं आहोत." नाही थांबणार. जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट, म्हणजे वाट दाखवणारा जाणकार, ठरलेल्या वेळी येतो, टगबोटी त्याच वेळेला बांधलेल्या असतात, काही बंदरांत भरती-ओहोटी बघावी लागते, पुढच्या बंदरातली जागाही वेळ ठरवूनच मिळालेली असते. आत तीन-चार हजार माणसं बसलेली असतात. यात कोणाचा कठोरपणा नाही. जहाजाला तसं थांबताच येत नाही.

"मग पुढच्या बंदरावर चढू." कधी जमतं, कधी नाही. पुढच्या देशाचा व्हिसा, तिथवरचं विमान आणि जहाज कंपनीची परवानगी, हे सगळं लागतं. काही मार्गांवर तर कायदाच आडवा येतो. अमेरिकेच्या 1886 सालच्या एका कायद्यानुसार परदेशी झेंड्याचं, म्हणजे परदेशात नोंदलेलं, जहाज एका अमेरिकी बंदरात चढलेल्या प्रवाशाला वाटेत दूरच्या परदेशी बंदराला न लागता दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवू शकत नाही. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा अशाच देशांच्या झेंड्याखाली चालतात. म्हणून सिएटलहून अलास्काला जाऊन सिएटललाच परतणारं जहाज चुकलं आणि तुम्ही धावतपळत अलास्कातल्या जुनोला पोहोचलात, तरी तुम्हाला चढू देतील याची खात्री नाही.

या सगळ्यामुळे आमचा एक नियम आहे: जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही त्या भागात मुक्कामाला असलं पाहिजे. त्याच दिवशी उतरणाऱ्या विमानाचं बुकिंग आम्ही करून देत नाही. यावरून आमच्यावर नाराज होणारे आहेत. एका रात्रीचं हॉटेल वाढवून आम्ही बिल फुगवतो असंही कोणी कोणी म्हणतं. तर स्पष्टच सांगतो, ते हॉटेल आमच्याकडूनच घ्या असा आमचा आग्रह नाही. स्वतः शोधा, नातेवाइकांकडे उतरा, काहीही करा, पण आदल्या रात्री तिथे असा. जहाज चुकलं तर क्रूझचे पैसे परत मिळत नाहीत. त्या रकमेपुढे एका रात्रीचा खर्च किरकोळ आहे.

बंदरावर उतरल्यावर

हाच घोटाळा लहान प्रमाणात रोज होऊ शकतो. उतरताना गँगवेपाशी, म्हणजे जहाजातून धक्क्यावर जायच्या पुलापाशी, फलक असतो: परत येण्याची वेळ साडेचार, प्रस्थान पाच. लक्षात ठेवायचे ते साडेचार. आणि ते जहाजाच्या घड्याळाचे साडेचार. जहाजाचं घड्याळ आणि किनाऱ्यावरचं घड्याळ यांत कधी कधी तासाचा फरक असतो. मोबाइल मात्र किनाऱ्यावरच्या टॉवरचा सिग्नल पकडून आपोआप वेळ बदलतो आणि खिशात बसल्या बसल्या तुम्हाला चुकीचं सांगत राहतो. आमचा सल्ला जुन्या पद्धतीचा आहे: साधं मनगटी घड्याळ घाला, उतरण्यापूर्वी ते जहाजाच्या वेळेशी जुळवा आणि दिवसभर त्याला हात लावू नका.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. ते समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटी माणसांना किनाऱ्यावर नेतात-आणतात. ग्रीसमधलं सँटोरिनी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. फिरा गाव वर कड्यावर, बोटीचा धक्का खाली पाण्याशी. उतरायला केबल कार आहे, नाहीतर पाचशेहून जास्त पायऱ्या. एकाच दिवशी तीन-चार जहाजं आली असली तर दुपारनंतर केबल कारची रांग गल्लीत मागेपर्यंत जाते. शेवटची बोट साडेचारला असेल तर वरून साडेतीनच्या आधीच निघायला हवं. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांचा भरवसा धरू नये.

तुम्ही आत आहात की बाहेर हे जहाजाला नेमकं कळतं, कारण जाता-येता केबिनचं कार्ड मशीनला लावावं लागतं. वेळ झाली की नावं पुकारली जातात. तरीही कोणी आलं नाही तर कर्मचारी केबिनची तिजोरी उघडून पासपोर्ट काढतात, ते बंदरावरच्या एजंटच्या हवाली करतात आणि जहाज निघतं. 2024च्या मार्चमध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर आठ प्रवासी स्वतः ठरवलेल्या सहलीवरून उशिरा परतले. जहाज अजून समोर नांगरलेलंच होतं, पण त्यांना वर घेतलं नाही. ते खटपट करून गांबियाला पोहोचले, तर तिथे जहाज बंदराला लागूच शकलं नाही. शेवटी सेनेगलमध्ये त्यांची आणि जहाजाची गाठ पडली.

जहाज कंपनीकडूनच घेतलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, किंवा कंपनी स्वतःच्या खर्चाने तुम्हाला पुढे पोहोचवते. बाहेरची सहल स्वस्त असते, बऱ्याचदा चांगलीही असते, पण तिथे वेळेची जबाबदारी तुमची. बंदर शहरालगत असेल तर आम्ही निःसंकोच बाहेरची सहल सुचवतो. चिवितावेक्कियाहून रोमला जाऊन यायचं असेल, तर कंपनीचीच घ्या असं सांगतो, महाग असली तरी.

शेवटच्या दिवशीही हेच लक्षात ठेवा. जहाज पहाटे धक्क्याला लागतं याचा अर्थ तुम्ही पहाटे बाहेर पडता असा नाही. सामानाच्या क्रमांकानुसार गटागटाने सोडतात, नऊ-साडेनऊ सहज होतात. परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या, आणि बंदर लांबचं असेल तर संध्याकाळचं.

पासपोर्ट कुठल्या बॅगेत

बंदरावर मोठ्या बॅगा हमालांकडे द्यायच्या असतात. त्या परस्पर केबिनच्या दारात येतात, पण कधी दुपारी, कधी रात्रीच्या जेवणाच्या सुमारास. पासपोर्ट नीट राहावा म्हणून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवलेला असतो, बॅग गेलेली असते आणि काउंटरवर पासपोर्ट मागतात. अशा वेळी शेकडो बॅगांमधून आपली शोधून काढेपर्यंत जीव टांगणीला लागतो. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, रोजची औषधं, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. इस्त्री आणि मेणबत्त्या घरीच ठेवा. आगीच्या भीतीने त्या काढून घेतात. एक्स्टेन्शन बोर्डाचंही बहुतेक तसंच होतं.

"एकदा पैसे भरले की सगळं त्यात आलं"

हे अर्धं खरं आहे. केबिन, मुख्य भोजनगृहातलं जेवण, नाटक-संगीताचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव हे भाड्यात येतं. मद्य आणि बाटलीबंद पेयं, खास रेस्टॉरंट, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली, डॉक्टरची फी हे बहुतेक जहाजांवर वेगळं. कर्मचाऱ्यांची टीप दर माणशी दर दिवशी खात्यात आपोआप लागते, आणि मोठ्या कुटुंबाला हाच आकडा शेवटी अनपेक्षित वाटतो. आमच्या कोटेशनमध्ये टीप आणि बंदर शुल्क वेगळ्या ओळींत लिहिलेलं असतं. त्यामुळे आमचा आकडा इतरांपेक्षा मोठा दिसतो. तुलना करायची तर समोरच्या कोटेशनमध्ये या दोन ओळी आहेत का ते आधी बघा.

भाडं 'दर माणशी' लिहिलेलं असलं तरी ते एका केबिनमध्ये दोघं धरून असतं. एकट्याने जाणाऱ्याला बऱ्याचदा जवळपास दोघांचं भाडं भरावं लागतं. त्यात दडपादडपी काही नाही, सगळीकडे हीच पद्धत आहे. एकट्यासाठीच्या केबिन काही जहाजांवर असतात, पण त्या लवकर भरतात.

बोट लागेल का

मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. तरी खवळलेल्या समुद्रात जहाज हलतंच, अजिबात हलणार नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्रास होणाऱ्यांनी केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. गंमत म्हणजे लोक पैसे जास्त मोजून सगळ्यात वरची, टोकाची बाल्कनी मागतात, आणि सर्वांत जास्त हलणारी जागा तीच. खिडकीची केबिन स्वस्तात दिसली तर 'दृश्य अडलेलं' अशी नोंद आहे का विचारा. अशा खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असू शकते.

लाइफबोटीवरून सुरक्षेचं विचारतात. टायटॅनिक 1912मध्ये बुडालं, त्यानंतर 1914मध्ये समुद्री सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज जहाजावरच्या प्रत्येकासाठी लाइफबोट किंवा तराफ्यात जागा असावीच लागते, वर जादा जागाही. 2012मध्ये कोस्टा कॉन्कॉर्दिया इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळलं आणि 32 जणांचा जीव गेला. त्या वेळी नव्याने चढलेल्या अनेकांची सुरक्षेची कवायत झालेलीच नव्हती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. तुमच्या कार्डावर जमण्याच्या जागेचा क्रमांक असतो. मुलांना घेऊन ती जागा प्रत्यक्ष बघून या.

पोटाच्या साथीबद्दल एवढंच: नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. जेवणाआधी साबणाने हात धुवा.

व्हिसा, बाळं आणि फोन

जहाज एका देशाच्या बंदरात थोडाच वेळ थांबत असलं तरी व्हिसा लागू शकतो, तुम्ही खाली उतरणार नसलात तरीही. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. अथेन्सहून निघालेलं जहाज तुर्कस्तानातल्या कुशादासीला किंवा माँटेनेग्रोतल्या कोटोरला जाऊन पुन्हा शेंगेनमध्ये येत असेल, तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. मल्टिपल एंट्री मागा. क्रोएशिया मात्र 2023पासून शेंगेनमध्ये आहे. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर किमान सहा महिने असू द्या.

सहा महिन्यांखालचं बाळ बहुतेक कंपन्या घेत नाहीत, महासागर ओलांडणाऱ्या प्रवासात ही अट एक वर्षाची असते. गरोदर बाईला प्रवासाच्या शेवटापर्यंत 24वा आठवडा लागत असेल तर चढू देत नाहीत. हे बुकिंगच्या वेळीच सांगा, आम्ही कोणालाही सांगत नाही.

जहाज किनारा सोडताना फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रातलं नेटवर्क उपग्रहावरून येतं आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा नसतं.

हवामान बिघडलं तर कॅप्टन एखादं बंदर वगळू शकतो, तो अधिकार करारातच असतो. तेव्हा सहसा त्या बंदराचं शुल्क तेवढं परत मिळतं. एकाच बंदरासाठी क्रूझ घेणार असाल तर आधी बोला, तिथे विमानाने जाणं बरं पडेल का ते आम्ही प्रामाणिकपणे सांगू.

चौकशीला येताना प्रत्येकाच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो, जायचा महिना, बरोबरच्या लहान मुलांची आणि वयस्कांची वयं, आणि कोणाला बोट लागते का, एवढं घेऊन या. बुकिंग पक्कं झाल्यावर आम्ही एक पान देतो. त्यावर बंदराचं नेमकं नाव, विमानतळापासूनचं अंतर, काउंटर बंद होण्याची वेळ आणि वाटेतल्या प्रत्येक बंदरातल्या एजंटचा फोन क्रमांक असतो. ते पान मोबाइलमध्ये ठेवाच, शिवाय छापून एकेक प्रत प्रत्येकाच्या खिशात असू द्या.