नववा की पहिला? पिकचा नंबर आणि प्रॉस्पेक्टचा नंबर

२०२५च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुमच्या पायरेट्सचा तो कॉनर ग्रिफिन अख्ख्या बेसबॉलमध्ये पहिला आलाय म्हणे. पण ड्राफ्टमध्ये तर तो नववा होता ना? मग आधीचे आठ संघ काय झोपले होते?"

पोरगा आयपीएलच्या लिलावावर वाढलेला, त्यामुळे त्याचा प्रश्न रास्तच होता. पण इथे पिट्सबर्गमध्ये, पायरेट्सच्या पीएनसी पार्क मैदानाच्या स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसणारी, जन्मभर बेसबॉल बघत आलेली माणसंही हे दोन नंबर एकमेकांत मिसळतात. एक नंबर 'पिक'चा, म्हणजे ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातल्या जागेचा; दुसरा 'प्रॉस्पेक्ट'चा, म्हणजे होतकरू खेळाडूंच्या यादीतल्या जागेचा. दोन्ही त्याच कोवळ्या पोरांना चिकटलेले आणि दोन्ही जितके लहान तितके चांगले, म्हणून ते एकच वाटतात. खरं तर पिकचा नंबर एका दिवशी झालेल्या सौद्याचा असतो आणि प्रॉस्पेक्टचा नंबर आज दिसणाऱ्या खेळावरून बांधलेल्या अंदाजाचा. आमची निम्मी भांडणं होतात ती एकाचा पुरावा दुसऱ्याच्या बाजूने वापरल्यामुळे.

आधी पिक. मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगचा, हौशी खेळाडूंचा ड्राफ्ट १९६५ साली सुरू झाला. हल्ली तो जुलैमध्ये होतो आणि २० फेऱ्यांचा असतो. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथली हायस्कूल संपवलेली किंवा कॉलेजात खेळणारी मुलं त्यात येतात. आदल्या हंगामात जो संघ वाईट खेळला त्याचा नंबर आधी, असा मूळ हिशोब. २०२३च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागांसाठी मात्र सोडत निघते.

लिलावात दहा जण बोली लावतात आणि भाव सगळ्यांसमोर ठरतो. ड्राफ्टमध्ये बोली नसतेच. संघ नाव पुकारतो, तेव्हा त्याला एवढंच मिळतं की या मुलाशी कराराची बोलणी आता फक्त त्यानेच करायची. मुलगा 'नाही' म्हणू शकतो. हायस्कूलचा असेल तर तो सरळ चार वर्षांच्या कॉलेजात जातो आणि तिसरं वर्ष संपल्यावर किंवा एकविशी गाठल्यावर पुन्हा ड्राफ्टमध्ये येतो. त्याच्या नकाराला किंमत असते. कॉलेजचं शेवटचं वर्ष संपलेल्या मुलाकडे परत जायला जागाच नसते, म्हणून तो पुष्कळदा किरकोळ रकमेवर सही करतो.

खरी मेख पैशात आहे. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक पिकला एक ठरीव रक्कम असते, तिला स्लॉट म्हणतात. संघाच्या सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे त्याचा बोनस पूल. हा पूल कोणावर किती खर्चायचा ते संघाच्या हातात असतं. पूल थोडा ओलांडला तर ७५ टक्के दंड बसतो आणि पाच टक्क्यांहून जास्त ओलांडला तर पुढची पहिल्या फेरीची निवडच जाते, म्हणून त्या रेषेपलीकडे कोणी पाऊल टाकत नाही. ही पद्धत २०१२ची. त्याआधी लीग फक्त शिफारस करायची आणि मन घट्ट केलेला संघ हवे तेवढे पैसे ओतायचा. २०११ साली पायरेट्सनी तेच केलं. गेरिट कोलला पहिल्या नंबरवर ८० लाख डॉलर दिले. दुसऱ्या फेरीत जॉश बेलला घेतलं. या पोराने 'मी टेक्सस विद्यापीठात जाणार आहे, मला घेऊ नका' असं पत्र आधीच पाठवलं होतं, तरीही त्याला ५० लाख देऊन आणलं. त्याच हिवाळ्यात लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या करारात अशा मोकळ्या हाताला लगाम बसला.

पिकचा नंबर म्हणजे गुणांचा क्रम नव्हे, हे ज्याला नीट समजून घ्यायचंय त्याने आमचा २०२१चा ड्राफ्ट बघावा. पहिली निवड पायरेट्सची होती. स्लॉट होता ८४ लाख १५ हजार डॉलरचा. त्यांनी लुईव्हिल विद्यापीठाचा कॅचर (बॅट्समनमागे बसून चेंडू झेलणारा) हेन्री डेव्हिस घेतला आणि ६५ लाखांवर सही करून घेतली. त्या संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आलेल्या मंडळींमध्ये पानं वाढून होईपर्यंत कडाक्याचा वाद झाला. पहिल्या नंबरवर इतरही मोठी नावं शिल्लक असताना कॅचर कशाला, संघमालकांनी पुन्हा पैसे वाचवले, असा बहुतेकांचा सूर होता. मीही त्यातच होतो.

वाचलेले जवळपास १९ लाख तिजोरीत गेले नव्हते. ते खालच्या फेऱ्यांत गेले. डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) अँथनी सोलोमेटो, आउटफिल्डर लॉनी व्हाइट आणि ७२व्या नंबरवर जॉर्जियातला हायस्कूलचा मुलगा बबा चँडलर. चँडलर क्लेमसन विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक आणि बेसबॉल असं दोन्ही खेळायला निघाला होता. त्या जागेचा स्लॉट दहा लाखांच्याही आत होता. त्याला ३० लाख दिले तेव्हा त्याने क्लेमसनचा विचार सोडला. आता सांगा, चँडलरचा 'खरा' नंबर कोणता? कागदावर बहात्तर. पैशाच्या हिशोबात तो पहिल्या फेरीतला मुलगा होता. आणि डेव्हिसच्या निवडीकडे एकट्याने बघताच येत नाही. तो एका पुडक्यातला एक नग होता, ज्याचं दुसरं टोक ७२व्या जागेवर होतं.

पुढे काय झालं तेही सांगतो. डेव्हिस २०२३मध्ये वर आला, पण मोठ्या लीगमध्ये त्याची बॅट चालली नाही. चँडलर मेजर लीगखालच्या मायनर लीगमध्ये चढत गेला, देशभरच्या प्रॉस्पेक्ट याद्यांत वरच्या जागा पटकावल्या आणि २२ ऑगस्ट २०२५ला पीएनसी पार्कवर कोलोरॅडो रॉकीजविरुद्ध पदार्पण केलं. चार इनिंग टाकल्या, एकही धाव दिली नाही. मी तिथे होतो. २०२१च्या त्या संध्याकाळी चँडलरचं नाव आमच्यापैकी एकाच्याही तोंडी आलं नव्हतं, ते मला सारखं आठवत होतं.

मार्क अॅपलची गोष्ट याहून बोलकी आहे. स्टॅनफर्डचा हा पिचर २०१२मध्ये पहिला जाईल असं सगळे धरून चालले होते. त्याची पैशाची मागणी मोठी, म्हणून घसरत घसरत आठव्या नंबरवर पायरेट्सकडे आला. ३८ लाखांना त्याने नकार दिला आणि परत कॉलेजात गेला. पुढच्या वर्षी ह्यूस्टनने त्याला पहिल्या नंबरवर घेतलं. ह्यूस्टनसाठी तो मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. त्याचं पदार्पण झालं जून २०२२मध्ये, फिलाडेल्फियाकडून, एकतिशीला जेमतेम दोन आठवडे उरले असताना.

कोकणात मोहोर बघून बाग घेणारा व्यापारी जसा त्या दिवशीच्या मोहोरावर भाव ठरवतो, तसं पिकचं आहे. भाव ठरला की तो कागदावर कायम राहतो. फळ किती धरलं, वारा-पाऊस काय झाला, याने तो बदलत नाही. प्रॉस्पेक्ट म्हणजे आढीत ठेवलेला आंबा. तो रोज उघडून बघावा लागतो.

प्रॉस्पेक्ट म्हणजे संघाच्या व्यवस्थेतला असा खेळाडू, जो अजून रूकी, म्हणजे नवखा, म्हणून मोजला जातो. मेजर लीगमध्ये १३० अॅट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या) किंवा ५० इनिंग किंवा संघाच्या चालू चमूत ४५ दिवस भरले की रूकीपण संपतं आणि बहुतेक याद्यांतून नाव निघतं. चाहते म्हणतात, 'ग्रॅज्युएट झाला'. तो कुठल्या वाटेने आला याला इथे काहीच महत्त्व नाही. ओनील क्रूझ कुठल्याच ड्राफ्टमध्ये नव्हता. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या या मुलाला सोळाव्या वर्षी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी करारबद्ध केलं होतं, कारण अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोबाहेरच्या मुलांसाठी ड्राफ्ट नसतो, थेट करार असतो. २०१७मध्ये टोनी वॉटसनच्या बदल्यात तो आमच्याकडे आला आणि काही वर्षांत पायरेट्सच्या यादीत सगळ्यात वर पोचला. त्याच्या पिकचा नंबर विचारणाऱ्याला उत्तरच नाही.

ड्राफ्टविना आलेली आणखी दोन नावं आपल्या माणसांनी लक्षात ठेवावीत अशी आहेत. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल. उत्तर प्रदेशातले हे दोघे भालाफेकपटू. वेगाने चेंडू फेकण्याच्या एका स्पर्धेतून ते पुढे आले आणि नोव्हेंबर २००८मध्ये पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. तोवर बेसबॉलचा एक सामनाही न खेळलेली ही मुलं अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळणारे पहिले भारतीय ठरली. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. पण फ्लोरिडात, पायरेट्सच्या ब्रॅडेंटनच्या सराव केंद्रावरच्या उन्हात त्यांनी जी मेहनत केली, तिचा मला आजही अभिमान वाटतो.

प्रॉस्पेक्टचं मोजमाप स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, २० ते ८०च्या पट्टीवर करतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. फटका जोडण्याची हातोटी, ताकद, धाव, फेक, क्षेत्ररक्षण, प्रत्येकाला वेगळा आकडा. तोही दोन प्रकारचा, आज किती आणि पुढे किती होईल. हा दुसरा आकडा म्हणजे निव्वळ अंदाज, आणि यादीतला नंबर या अंदाजांवर उभा असतो. म्हणून तो वर्षातून अनेकदा हलतो आणि हलायलाच हवा.

ग्रिफिनचंच बघा. २०२४च्या ड्राफ्टच्या वेळी तो मिसिसिपीतला अठरा वर्षांचा हायस्कूलचा पोरगा होता. पळणं, फेक, ताकद यावर कोणाचं दुमत नव्हतं. शंका एकच, चांगल्या पिचिंगपुढे बॅट चेंडूला लागेल का? त्याच्या आधी गेलेले आठही जण कॉलेजचे होते, दोन-तीन वर्षं तगड्या स्पर्धेत खेळलेले. त्यातला सातवा, जेजे वेदरहोल्ट, तर पिट्सबर्गच्या उत्तरेला जवळच असलेल्या मार्स गावचा. तो नवव्या जागेपर्यंत उरावा म्हणून आमच्यातल्या अनेकांनी देव पाण्यात घातले होते. तो उरला नाही, ग्रिफिन आला, आणि पुष्कळांची तोंडं उतरली.

२०२५मध्ये ग्रिफिन एकाच हंगामात मायनर लीगच्या तीन पायऱ्या चढला: ब्रॅडेंटन, ग्रीन्सबरो, आल्टूना. १२२ सामन्यांत .३३३ची सरासरी, २१ होमरन आणि ६५ चोरलेले बेस. ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी मी गाडी काढून आल्टूनाला गेलो. लहानसं मैदान, उजव्या कुंपणामागे जुन्या लाकडी रोलर कोस्टरचा सांगाडा. मी प्लेटच्या मागेच बसलो होतो. दोन स्ट्राइक झाल्यावर पिचरने बाहेर जाणारा स्लायडर टाकला, अगदी खाली, हायस्कूलच्या पोरांना हमखास भुलवणारा. ग्रिफिनचे हात निघाले, आणि अर्ध्यात थांबले. बॅट खांद्यावर परत गेली. माझ्या पुढच्या रांगेत रडार गन घेऊन बसलेल्या माणसाने वहीत काहीतरी टिपलं. २०२४ची शंका नेमकी याच चेंडूबद्दल होती. यादीतला नंबर बदलतो तो अशा शेकडो चेंडूंमुळे.

आता भाच्याच्या आठ संघांकडे येतो. ते झोपले नव्हते. ओकलंड सोडलेल्या अॅथलेटिक्स संघाने चौथ्या जागेवर निक कर्ट्झ घेतला होता. एप्रिल २०२५मध्ये तो मेजर लीगमध्ये आला, २५ जुलैला ह्यूस्टनमध्ये एकाच सामन्यात चार होमरन मारले आणि वर्षअखेरीस अमेरिकन लीगचा सर्वोत्तम रूकी ठरला. मग तो ऑगस्टच्या यादीत कुठे होता? कुठेच नाही, कारण तोवर त्याचे १३० अॅट-बॅट कधीच भरले होते. ग्रिफिन 'पहिला' होता तो अजून वर न आलेल्यांमध्ये. कर्ट्झपेक्षा तो सरस, असं ती यादी म्हणत नव्हतीच. हे सांगितल्यावर भाचा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे यादीतून नाव जाणं चांगलंही असू शकतं!" अगदी बरोबर. नाव दोन दरवाज्यांनी जातं, वरच्या आणि खालच्या, आणि कोणत्या दरवाज्याने गेलं ते बघितल्याशिवाय बोलू नये.

पिक आणि प्रॉस्पेक्ट वेगळे आहेत याची सगळ्यात व्यवहारी खूण मात्र खेळाडूंच्या अदलाबदलीत दिसते. बेसबॉलमध्ये पिक विकता येत नाही. छोट्या शहरांच्या संघांना मिळणाऱ्या काही जादा निवडी सोडल्या तर ड्राफ्टमधली जागा ज्याची त्यालाच वापरावी लागते. प्रॉस्पेक्ट मात्र नाणं आहे. म्हणून 'आपल्याकडे शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आहे, आणखी एक कशाला घेतला?' हा दर जुलैचा प्रश्न मला पटत नाही. घेतलेला मुलगा वर यायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर तो दुसऱ्या जागी खेळू लागतो, नाहीतर त्याच्या बदल्यात हवा तो खेळाडू आणता येतो.

आणि नाणं चुकीच्या ठिकाणी खर्चही होतं. ३१ जुलै २०१८ला पायरेट्सनी टॅम्पा बेकडून पिचर क्रिस आर्चर आणला आणि ऑस्टिन मेडोज, टायलर ग्लासनाउ यांच्यासह नंतर नाव ठरवायचा एक खेळाडू दिला. मेडोज २०१३चा नववा पिक होता, अॅपलने सही न केल्याची भरपाई म्हणून मिळालेला. ग्लासनाउ २०११च्या पाचव्या फेरीतला. मेडोज पुढच्याच वर्षी ऑल-स्टार झाला. ग्लासनाउ २०२०मध्ये टॅम्पासाठी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना खेळला. आर्चर आमच्याकडे जेमतेम दीड हंगाम खेळला. तो 'नंतरचा' तिसरा खेळाडू ऑगस्टमध्ये जाहीर झाला: शेन बाझ, २०१७चा बारावा पिक. त्याला घेऊन जेमतेम चौदा महिने झाले होते. त्या जागी कोणाला घ्यायला हवं होतं, यावर आम्ही तेव्हाही भांडत होतो.