क्वासारमधील क्ष-किरण व संहत रेडिओ झोत

क्वासार म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे अतितेजस्वी झालेला दूरच्या दीर्घिकेचा गाभा. क्वासारच्या गाभ्यातून येणारे क्ष-किरण आणि त्याच गाभ्यातून सुटणारे, काही प्रकाशवर्षे लांबीचे संहत (आटोपशीर) रेडिओ झोत यांच्यातील संबंध हा येथील विषय आहे. हा प्रश्न मुख्यतः रेडिओ-प्रबल (दृश्य प्रकाशाच्या मानाने रेडिओ तरंगांत प्रखर) क्वासारांपुरता, म्हणजे ढोबळमानाने दहांतील एकापुरता, आहे.

३सी २७३ (ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाचे लाल रंगाकडे सरकणे, ०.१५८) या क्वासारच्या क्ष-किरणांचे संकेत १९६७ मधील अग्निबाण-निरीक्षणात मिळाले, निश्चिती १९७० च्या सुमारास झाली असे मानणे अधिक सुरक्षित. त्याचा झोत अतिदीर्घ पायारेषेच्या रेडिओ व्यतिकरणमापनाने (दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून) सहस्रांश विकलेपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) उलगडतो. एक सहस्रांश विकला म्हणजे तेथे सुमारे ९ प्रकाशवर्षे. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीची भेदनक्षमता मात्र सुमारे अर्धी विकला, म्हणजे ४,००० प्रकाशवर्षांहून अधिक. थोडक्यात, संहत झोत क्ष-किरणांत वेगळा दिसतच नाही. संबंध अनुमानानेच जोडावा लागतो.

अनुमानाचा पहिला आधार सांख्यिकीय होता. आइन्स्टाइन वेधशाळा या क्ष-किरण उपग्रहाच्या (प्रक्षेपण १९७८) निरीक्षणांवरून झामोरानी व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले, की दृश्य दीप्ती सारखी असता रेडिओ-प्रबल क्वासार क्ष-किरणांत सरासरी तिप्पट तेजस्वी असतात. येथे एक सापळा आहे. दूरचा स्रोत नोंदला जाण्यासाठी दोन्ही तरंगलांब्यांत मुळातच प्रखर असावा लागतो. त्यामुळे दीप्तींचा आलेख काढला, की खरा संबंध नसतानाही बिंदू रेषेत येतात. म्हणून अंतराचा परिणाम वजा करून पाहणे अत्यावश्यक ठरते. अजित केंभावी, एरिक फायगेलसन व के. पी. सिंग यांच्या १९८६ मधील अभ्यासाने एकूण रेडिओ दीप्तीऐवजी गाभ्याच्या रेडिओ दीप्तीकडे लक्ष वेधले. हे पाऊल निर्णायक होते, कारण झोतांच्या टोकांशी दूरवर पसरलेल्या रेडिओ पाळ्यांचा (विस्तीर्ण ढगांचा) या क्ष-किरणांशी थेट संबंध असण्याचे कारण नाही.

क्ष-किरणांच्या उगमाबाबत दोन मते आहेत. पहिल्यानुसार झोतातील इलेक्ट्रॉन सिंक्रोट्रॉन प्रारणाने (चुंबकीय क्षेत्रात वळताना) रेडिओ तरंग सोडतात आणि फोटॉनांना व्यस्त कॉम्प्टन प्रकीर्णनाने (धडकेत आपली ऊर्जा देऊन) क्ष-किरणांपर्यंत उंचावतात. झोत आपल्याकडे वळलेला असल्यास दोन्ही प्रखर होतात. विल्क्स व एल्व्हिस यांना १९८७ मध्ये आढळलेला रेडिओ-प्रबल क्वासारांचा सपाट (उच्च ऊर्जेकडे हळू घटणारा) क्ष-किरण वर्णपट याला पोषक आहे. दुसऱ्या मतानुसार क्ष-किरण कृष्णविवराभोवतीच्या चकतीवरील तप्त किरीटातून (विरळ वायूच्या आवरणातून) येतात व किरीटच झोताशी निगडित असतो. झू व सहकाऱ्यांच्या २०२० मधील विश्लेषणाचा कल, विशेषतः तीव्र उताराच्या रेडिओ वर्णपटाच्या क्वासारांबाबत, इकडे आहे. सपाट रेडिओ वर्णपटाच्या, आपल्याकडे रोखलेल्या क्वासारांपैकी काहींना मात्र पहिले मत लागू पडते. ३सी २७३ मध्ये दोन्ही घटक एकत्र नांदतात. ग्रांदी व पालुम्बो यांनी २००४ मध्ये बेप्पोसॅक्स उपग्रहाच्या निरीक्षणांतून ते वेगळे काढले.

कालिक पुरावा, म्हणजे क्ष-किरण व झोत यांतील बदलांचा एकामागून एक क्रम, विरळ आहे. ॲलन मार्शर व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलेला क्रम, म्हणजे आधी क्ष-किरणांत घट व मागोमाग झोतात नवी तेजस्वी गाठ, ३सी १२० या रेडिओ दीर्घिकेतील आहे, क्वासारमधील नव्हे.