पाठवणी कडेला असते

पंचवटीत मामांकडे गेलं की चहा व्हायच्या आत काहीतरी दुरुस्तीला पुढ्यात येतं. मागच्या खेपेला मिक्सर होता, या वेळी कॉम्प्युटर. 2006 साली सुटे भाग आणून जोडलेला, विंडोज एक्सपीवर चालणारा, पांढऱ्याचा पिवळा झालेला डबा. मामा अजून त्यावर सोसायटीचा जमाखर्च लिहितात. "बाकी ठणठणीत आहे गं," मामा म्हणाले, "सीडीचं तोंड उघडतं, मिटतं, पण आत गेलेलं काही पचत नाही."

पचवायची होती ताईच्या लग्नाची डीव्हीडी. लग्न 2009 चं. स्टुडिओवाल्याने दिलेल्या दोन प्रतींपैकी एक ताईच्या घरबदलात हरवली, उरली ही. मामींना ती नातीला दाखवायची होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने डबा न उघडताच निकाल दिला होता, "ड्राइव्ह गेला, काका."

ड्राइव्ह सहसा असा सगळाच्या सगळा जात नाही. त्यात एक मोटर चकती फिरवते, दुसरी ट्रे आत-बाहेर करते, तिसरी भिंगाचा गाडा मध्यापासून कडेकडे सरकवते. शिवाय लेसर आहे, भिंग आहे, परतलेला उजेड मोजणारा डोळा आहे. यातलं कोण थकलंय ते ओळखायचं असेल तर ड्राइव्ह कुठली चकती घेतो आणि कुठली नाकारतो ते बघावं. म्हणून मामींना म्हटलं, घरात असतील नसतील त्या सगळ्या चकत्या काढा.

नाट्यसंगीताची विकतची सीडी लगेच वाजली. घरी बर्न केलेली फोटोंची सीडी बराच वेळ घरघर करून उघडली. सिनेमाची विकतची डीव्हीडी तीनदा आत-बाहेर केल्यावर एकदा दिसली. लग्नाच्या डीव्हीडीला मात्र ड्राइव्हने ओळखच दाखवली नाही. या चार उत्तरांत एक उतरंड आहे आणि ती उतरंडच कामाची.

सीडी म्हणजे 12 सेंटिमीटर व्यासाची, 1.2 मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची चकती. माहिती असते ती एकाच लांबलचक नागमोडी नव्हे, तर चकलीसारख्या गोल फिरत जाणाऱ्या रेघेत. रेघ सुरू होते मध्याजवळ आणि संपते कडेला, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीच्या बरोबर उलट. रेघेत अर्ध्या मायक्रॉन रुंदीचे खळगे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शेजारशेजारच्या दोन वेढ्यांत सीडीवर 1.6 मायक्रॉनचं अंतर, डीव्हीडीवर अवघं 0.74. डोक्याचा एक केस आडवा पडला तर सीडीचे चाळीसेक वेढे झाकतो, डीव्हीडीचे नव्वदेक. सीडीची रेघ उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरेल, डीव्हीडीची साडेअकराच्या वर. नाशिकरोड स्टेशनहून सीबीएसला, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकाला, पोचून वर थोडी उरेल इतकी.

लेसर खालून येतो. सपाट जागेवरून उजेड नीट परततो. खळग्यावर पडला की खळग्यातून आणि आजूबाजूच्या सपाटीवरून परतलेल्या लाटा एकमेकींना खोडतात आणि डोळ्याला अंधारल्यासारखं दिसतं. सीडीसाठी 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरतात, तो आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. डीव्हीडीचा 650 चा, लालभडक. दोन्ही वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये दोन लेसर असतात. त्यामुळे सगळ्या सीडी चालतात आणि एकही डीव्हीडी चालत नाही, किंवा उलट, असं झालं तर बहुधा त्या-त्या लेसरने मान टाकलेली असते.

आमच्याकडे तसं नव्हतं. विकतच्या चकतीत साच्याने दाबून खळगे उठवलेले असतात आणि मागे चकचकीत ॲल्युमिनियम असतं, म्हणून ती भरपूर उजेड परतवते. घरी बर्न केलेल्या चकतीत खळगे नसतातच. रंगद्रव्याचा एक थर असतो, त्यावर लेसरने डाग पाडलेले असतात. उजेड कमी परततो, फरकही फिका असतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू चकत्या तर त्याहून कितीतरी मंद. तेव्हा भरपूर उजेडाची आणि मोठ्या खुणांची सीडी चालते, आणि उजेड कमी, खुणा बारीक होत गेल्या की ड्राइव्ह अडखळत जातो. म्हणजे दोन्ही लेसर जिवंत आहेत, डोळ्यापर्यंत उजेड पुरेसा पोचत नाही. एकतर लेसर म्हातारे झालेत किंवा भिंगावर काहीतरी बसलंय.

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारी पाहिलं. शेजारी देवघर. रोज दोन वेळा उदबत्ती, सणावाराला धूप, गेली किती तरी वर्षं. कॉम्प्युटरच्या मागचा पंखा आतली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा पुढच्या फटींतून आत येते, आणि ड्राइव्हची फट बरोबर पुढे. "मामी, तुमच्या देवापेक्षा जास्त उदबत्ती यानं घेतलीय," म्हटलं. मामींना ते फारसं आवडलं नाही.

ड्राइव्ह बाहेर काढण्याआधी प्लग काढायचा, हे सांगायला नको पण सांगते. चालू ड्राइव्ह उघडा करून भिंगात डोकावायचं नाही. सीडीचा लेसर दिसत नाही म्हणून तर जास्तच घातक. ट्रे अडकला असेल तर तोंडावर टाचणीएवढं भोक असतं, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप सरळ आत दाबली की ट्रे बोटभर बाहेर येतो. मामांनी आधी सेफ्टी पिन घालून पाहिली होती, ती पुरली नाही. खालचे चार स्क्रू काढले, पत्रा उचलला.

भिंग मोठ्या साबुदाण्याएवढं असतं, निळसर झाक असलेलं. या भिंगाची झाक गेली होती. तिरपा उजेड टाकल्यावर त्यावर तुपाच्या बोटासारखा पिवळट धूसर थर दिसला, त्यात चिकटलेला एक बारीक तंतू. बोटाने हलकेच टेकलं की भिंग डोलतं, कारण ते कशावर टेकलेलं नसतंच. चार बारीक तारांवर लटकत असतं, बाजूला लोहचुंबक आणि तारेची वेटोळी. स्पीकरचा पडदा जसा विजेने पुढे-मागे होतो, तसंच हे भिंग वर-खाली, डावी-उजवीकडे होतं.

मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. फिरताना चकती डुगडुगते, तिची कड अर्धा मिलिमीटरसुद्धा वर-खाली होऊ शकते. भिंगाला मात्र साधारण एका मायक्रॉनच्या आत नेम धरून राहायचं असतं. ते कसं जमतं? परतलेला उजेड मुद्दाम एका वाकड्या भिंगातून नेऊन चार घरांच्या डोळ्यावर टाकतात. नेम बरोबर असेल तर उजेडाचा ठिपका गोल पडतो, चारही घरांना सारखा वाटा. चकती जवळ आली तर ठिपका एका तिरक्या दिशेने लांबट होतो, दूर गेली तर दुसऱ्या. समोरासमोरच्या घरांची बेरीज करून एकीतून दुसरी वजा केली की भिंग कुठे आणि किती सरकवायचं ते कळतं. हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. नवीन चकती घातल्यावर आधी जी बारीक टिक-टिक ऐकू येते ना, ते भिंग खाली-वर होऊन नेम शोधत असतं. टिक-टिक झाली, चकती थोडी फिरली आणि सगळं गप्प झालं, तर नेम सापडलेला नाही.

कापसाची काडी, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब, आणि भिंगावर पिसासारखा हात. एवढंच. भिंग प्लॅस्टिकचं असतं, म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. केमिस्टकडच्या स्पिरिटमध्ये पाणी आणि इतर काहीबाही असतं, त्याचा डाग राहतो. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते अल्कोहोल घ्यावं. काडीवर आलेला रंग मी मामींना दाखवला नाही.

ट्रेचा रबरी पट्टाही तेव्हाच पाहून घेतला. लहान मुलीच्या बांगडीएवढा असतो. वर्षांनी गुळगुळीत होऊन घसरायला लागतो आणि ट्रे कधी उघडतो, कधी नुसता कण्हतो. बऱ्याच ड्राइव्हमध्ये ट्रे आत गेला की त्याच ओढीने खालचं सगळं यंत्र वर उचललं जातं आणि चकती पकडली जाते. पट्टा ढिला असेल तर ट्रे मिटल्यासारखा दिसतो, पण चकती धरलीच जात नाही. काही जण पट्टा उकळत्या पाण्यात घालून ताजा करतात. काही महिने चालतो. लेसरजवळचा चिमुकला स्क्रू फिरवून करंट वाढवायचा सल्लाही कारागीर देतात. मला तो पटत नाही. चार दिवस उजेड वाढतो आणि म्हातारा लेसर पाचव्या दिवशी कायमचा झोपतो.

ड्राइव्ह परत जोडला. चारही चकत्या दिसल्या. मामांनी जिंकल्यासारखा चहा मागवला. लग्न सुरू झालं आणि दोन मिनिटांत हळदीच्या गाण्याचे तुकडे पडायला लागले. माऊसचा बाणसुद्धा अडखळत होता.

हा दुसरा रोग, पहिल्याने लावलेला. एक्सपीमध्ये ड्राइव्हकडून येणारी माहिती एरवी प्रोसेसरला न थांबवता थेट मेमरीत उतरते, त्याला डीएमए म्हणतात. पण चुका साचत गेल्या, सहाच्या घरात गेल्या, की विंडोज सावध होतं आणि वेग एकेक पायरी खाली आणत शेवटी पीआयओ या जुन्या पद्धतीवर येतं. त्यात प्रत्येक घास प्रोसेसरने स्वतः भरवायचा. मामांनी मळक्या भिंगानिशी ती डीव्हीडी किती दिवस घालून पाहिली असेल कोण जाणे. वाईट एवढंच, की कारण गेलं तरी विंडोज आपण होऊन वर चढत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन सेकंडरी आयडीई चॅनल, म्हणजे ड्राइव्ह ज्या वाटेने जोडलेला असतो ती नोंद, काढून टाकलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्याने ते चॅनल नव्याने शोधलं आणि डीएमए परत आलं. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं सुरळीत.

मग मी शहाणपणाने सगळं पेन ड्राइव्हवर उतरवायला घेतलं. पाच फाइली होत्या. चार उतरल्या, पाचवी अर्ध्यात अडली आणि पडद्यावर सायक्लिक रिडन्डन्सी चेकची चूक आली, म्हणजे वाचलेली माहिती तपासणीच्या आकड्याशी जुळत नव्हती. चकती काढून पाहिली. वरच्या बाजूला स्टुडिओवाल्याचा वधूवरांच्या फोटोचा कागदी स्टिकर, त्याची एक कड उचललेली. खालून कडेला करंगळीच्या नखाएवढी, तेल सांडल्यासारखी छटा.

बारीकसारीक ओरखड्यांना चकती दाद देत नाही, याचं श्रेय अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी 1960 मध्ये मांडलेल्या गणिताला. लग्नाच्या पंगतीत एका घरची सगळी माणसं एकाच ओळीत बसवली आणि त्या ओळीवर आमटी सांडली, तर ते घर उपाशी उठेल. तीच माणसं वेगवेगळ्या ओळींत विखुरली तर प्रत्येक घरातला एखादाच उपाशी, त्याला बाकीचे आपल्यातलं देतात. सीडीवर माहिती अशीच विखरून लिहितात आणि सोबत तपासणीचे जादा आकडे ठेवतात. सलग अडीच मिलिमीटर रेघ बुजली तरी मजकूर परत मिळतो. म्हणूनच चकती पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसायची, गोल नाही. गोल ओरखडा रेघेच्याच दिशेने जातो आणि एका घरची पंगत साफ करतो.

इथे मात्र ओरखडा नव्हता. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, रंगद्रव्य मध्ये. कडेचा जोड सुटला की ओलावा आत शिरतो आणि रंगद्रव्य बाहेरून आत मरत येतं. स्टिकरही निरुपद्रवी नसतो. 16 पट वेगाला चकती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेऱ्या मारते, तेव्हा एका बाजूला जड झालेला कागद तिला थरथरवतो.

रेघ मध्यापासून कडेला जाते, हे आठवलं आणि कळलं की काय गेलं असणार. हळद आत, सप्तपदी अधेमधे, पाठवणी अगदी कडेला.

चकती घरी नेली. दुसऱ्या ड्राइव्हवर, डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने रात्रभर उतरवली. तो आधी सोप्या जागा वाचून घेतो, अवघड तुकडे शेवटी पुन्हा पुन्हा कुरतडतो. सकाळी शेवटची चार मिनिटं सोडून सगळं आलं होतं. गाडीचं दार उघडतं, ताई वाकते आणि चौकडे चौकडे होऊन चित्र थांबतं.

मामींनी ते नातीबरोबर दोनदा पाहिलं. "थांबलं ते बरं झालं," म्हणाल्या, "पुढे मी नुसती भोकाड पसरून रडतेय." कॉम्प्युटर त्या दिवसापासून खिडकीपाशी हलला आहे. देवघर होतं तिथेच आहे.