दिसतात तेव्हा गप्प, बोलतात तेव्हा अदृश्य

१८०४ साली फ्रान्सच्या भूमध्य सागराकडच्या किनाऱ्यावर एक कवटी सापडली. पुढे ती जॉर्ज क्युव्हिए यांच्या अभ्यासात आली. हाडांवरून प्राणी ओळखण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळात कोणी नव्हता. १८२३ मध्ये त्यांनी तिचे वर्णन छापले आणि निर्वाळा दिला, की हा प्राणी केव्हाच नामशेष झालेला आहे. प्रत्यक्षात तो तेव्हाही जिवंत होता आणि आजही आहे. ध्रुवांलगतचे पाणी सोडले तर जवळजवळ प्रत्येक खोल समुद्रात तो राहतो. पाच-सहा मीटर लांब, वजन दोन-तीन टन. एवढे मोठे धूड इतक्या समुद्रांत असूनही माणसाच्या नजरेला पडत नव्हते.

हा क्युव्हिएचा चोचवाला देवमासा. चोचवाल्या देवमाशांच्या वीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या काही अशा, की जिवंत प्राणी कसा दिसतो हे सांगायला कोणी नाही. न्यूझीलंडजवळच्या चॅटम बेटांवर १८७२ मध्ये मिळालेल्या एका जबड्यावरून कुदळदाती देवमासा ठाऊक झाला. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत हाती आली ती मोजकी हाडे आणि किनाऱ्याला लागलेले थोडे मृतदेह. समुद्रात पोहताना तो खात्रीने कोणी पाहिल्याची नोंद नाही.

कारण त्यांच्या राहणीत आहे. क्युव्हिएचा देवमासा भक्ष्यासाठी, म्हणजे मुख्यतः माकुळांसाठी, सरासरी चौदाशे मीटर खोल जातो आणि तासाभराने वर येतो. कॅलिफोर्नियाजवळ एकाने २,९९२ मीटर खोली गाठल्याची नोंद आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ दुसरा एक २२२ मिनिटे पाण्याखाली राहिला. वर आल्यावर बुड्यांच्या मध्ये अनेकदा दोनेक मिनिटेच थांबतो. फवारा बुटका आणि विरळ, पाठ जेमतेम पाण्याबाहेर, उड्या क्वचितच.

आता जहाजावरून देवमासे मोजायला निघालेल्यांचा विचार करा. वरच्या डेकवर डाव्या-उजव्या अंगाला खांबावर बसवलेल्या अवजड दुर्बिणी, पंचवीस पट मोठे दाखवणाऱ्या. त्यांना डोळे लावून माणसे पाळीपाळीने क्षितिजापर्यंतचे पाणी विंचरत असतात. वारा थोडा वाढला, लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला, की चोचवाले देवमासे सापडण्याची आशा जवळपास संपते. समुद्र आरशासारखा असला तरी अडचण सुटत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ जे बार्लो यांनी १९९९ मध्ये हिशेब मांडला: जहाजाच्या अगदी वाटेवर असलेल्या क्युव्हिएच्या देवमाशांपैकीसुद्धा निरीक्षकांना दिसतात ते साधारण २३ टक्के. बाकीचे जहाज वरून जाईपर्यंत खाली अंधारात असतात. म्हणून दिसलेल्यांच्या आकड्याला या न दिसलेल्यांची जोड द्यावी लागते.

मग कानाने शोधावे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून वेगाने जातो, आणि उजेड जिथे शे-दोनशे मीटरांत विरतो तिथे आवाज कितीतरी लांब पोचतो. आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. २०१७ च्या सुरुवातीला गोव्याजवळच्या समुद्रातल्या ध्वनिमुद्रणात हंपबॅक देवमाशाचे गाणे आढळले. त्याच वर्षाच्या शेवटी ओमानजवळ उपग्रह-टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची मादी (आपला लोबान तोच शब्द) अरबी समुद्र ओलांडून गोव्याकडे आली आणि किनाऱ्याने दक्षिणेकडे गेली. अरबी समुद्रातले हे हंपबॅक इतके थोडे आहेत, की त्यांना शोधत जहाजे फिरवणे कठीण. पण हंपबॅकचे गाणे जगभर परिचित असल्याने ते ऐकताच गाणारा कोण हे ठरते.

चोचवाल्यांच्या बाबतीत तीच सोय नव्हती. त्यांचा आवाज आपल्या कानांच्या पल्ल्यातच येत नाही. क्युव्हिएच्या देवमाशाच्या टिचकीचा जोर साधारण ४० किलोहर्ट्झवर असतो आणि तरुण, निरोगी माणसाचा कान २० च्या पुढे बहिरा. एक टिचकी सेकंदाच्या सुमारे पाच हजाराव्या भागापुरती, दोन टिचक्यांमध्ये अर्ध्या सेकंदाहून थोडे कमी अंतर. या टिचक्यांच्या प्रतिध्वनीवरून देवमासा अंधारात भक्ष्य शोधतो. प्रत्येक टिचकीत स्वर खालून वर चढत जातो. वेळ आणि वारंवारता यांचा आलेख काढला की ती तिरक्या रेघेसारखी उमटते. डॉल्फिनच्या टिचक्या त्याहून तोकड्या असतात आणि त्यांत हा चढ नसतो. शिवाय टिचकीचा जोर कुठल्या वारंवारतेवर आहे आणि दोन टिचक्यांत अंतर किती, हे जातीजातींत वेगळे असते. म्हणजे प्रत्येक जातीची सही वेगळी. फक्त कुठली सही कोणाची, हे कळायला हवे.

घोडे अडते ते इथेच. देवमाशांच्या अंगाला चूषकांनी चिकटणारे ध्वनिमुद्रक आल्यावर २००४ च्या सुमारास स्पष्ट झाले, की चोचवाले वर असताना टिचक्या देत नाहीत. सुमारे दोनशे मीटर खाली गेल्यावर ते आवाज करू लागतात आणि वर येताना पुन्हा गप्प होतात. किलर व्हेलपासून लपण्यासाठी हे मौन असावे असे अभ्यासकांना वाटते. आपल्यासाठी त्याचा परिणाम विलक्षण आहे: दिसतो तेव्हा तो बोलत नाही, बोलतो तेव्हा दिसत नाही. एकाच प्राण्याचे रूप आणि आवाज एकाच क्षणी हाती लागतच नाहीत.

यावर उपाय संयमाचा. जहाजामागे लांब केबलवर हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारे मायक्रोफोन, ओढायचे. एकच टिचकी दोन हायड्रोफोनांवर किती फरकाने पोचली यावरून तिची दिशा काढायची. (सरळ रेषेतल्या हायड्रोफोनांना आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे कळत नाही, त्यासाठी जहाज वळवून पुन्हा ऐकावे लागते.) जागेचा अंदाज आला की थांबायचे, आणि टिचक्या बंद झाल्या की सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून पाण्याकडे बघायचे. जहाजाचे इंजिन नको असेल तर शंभरेक मीटर खोल हायड्रोफोन लोंबकळणारी, प्रवाहाबरोबर वाहणारी बोये सोडतात. थेट आलेला आवाज आणि पृष्ठभागावर आपटून आलेला त्याचा प्रतिध्वनी यांतल्या अंतरावरून देवमासा किती खोल आहे हेही काढता येते. मला या सगळ्या तंत्रांत ही युक्ती सर्वांत देखणी वाटते.

उत्तर पॅसिफिकमध्ये अशीच एक बेवारस सही वर्षानुवर्षे मिळत होती. जोर ४३ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणून तिला ‘बीडब्ल्यू ४३’ म्हणत. ती पेरिन यांच्या नावाच्या चोचवाल्या देवमाशाची असावी असा तर्क होता, कारण तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या थोड्या मृतदेहांवरूनच ठाऊक आहे. २०२० पासून शास्त्रज्ञ एलिझाबेथ हेंडरसन आणि त्यांचे अमेरिकी व मेक्सिकन सहकारी मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाजवळ त्या आवाजामागे लागले. जून २०२४ मध्ये आवाजाच्या मागावर असताना देवमासे दिसले, आणि क्रॉसबोने सोडलेल्या बाणाच्या टोकाला कातडीचा इवलासा तुकडा आला. डीएनएने तर्क चुकीचा ठरवला. तो होता गिंकोदाती देवमासा. जपानमध्ये किनाऱ्याला लागलेल्या एका प्राण्यावरून १९५८ मध्ये या जातीचे वर्णन झाले होते. नराच्या दाताचा आकार गिंको झाडाच्या पानासारखा, म्हणून हे नाव. जिवंत गिंकोदाती समुद्रात खात्रीने ओळखला जाण्याची ही पहिली वेळ. त्या एका तुकड्याने जुन्या ध्वनिमुद्रणांतल्या ‘बीडब्ल्यू ४३’ च्या सगळ्या नोंदींना मालक मिळाला, आणि ही जात कुठे, कोणत्या महिन्यांत होती हे मागे जाऊन वाचता येऊ लागले.

हे वाचता येणे निकडीचे आहे. मे १९९६ मध्ये ग्रीसमध्ये, मार्च २००० मध्ये बहामात आणि सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांवर नौदलांच्या सोनारच्या (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेच्या) वापरापाठोपाठ चोचवाले देवमासे किनाऱ्याला लागून मेले. कॅनरी बेटांवरच्या मृतदेहांत पाणबुड्याला होणाऱ्या विकारासारख्या वायूच्या बुडबुड्यांच्या खुणा होत्या. सोनारने बिथरून त्यांची बुडीची घडी विस्कटत असावी. २००४ मध्ये स्पेनने त्या बेटांभोवती असा सोनार वापरण्यावर बंदी घातली आणि तिथले ते सामूहिक मृत्यू थांबले. बंदी घालता आली, कारण तिथे देवमासे आहेत हे ठाऊक होते.

हवाईजवळच्या क्रॉस सीमाउंट या बुडालेल्या पर्वतावर २००५ मध्ये चोचवाल्यांच्या धर्तीचीच, पण ओळखीच्या कुठल्याही जातीशी न जुळणारी टिचकी सापडली. ती जवळपास फक्त रात्रीच ऐकू येई. तिला त्या पर्वताचेच नाव दिले गेले, कारण द्यायला दुसरे नाव नव्हते. आणि न्यूझीलंडला, डिसेंबर २०२४ मध्ये, ओटागोच्या किनाऱ्याला लागलेल्या कुदळदाती देवमाशाचे प्रथमच शवविच्छेदन झाले. त्याचे जठर, जबडे, घसा सगळे तपासले गेले. तो जिवंतपणी कोणत्या स्वरात टिचक्या देत होता, हे मात्र त्या टेबलावर कळण्यासारखे नव्हते.